नवा कस्टम रॉड टोकाकडे वाकडा दिसतोय. ठेवू की परत पाठवू?

जयगड_खडक

नमस्कार मंडळी. मी जयगड-गणपतीपुळे पट्ट्यात खडकावरून मासे गरवतो. आजवर दुकानातले तयार रॉड वापरले, यंदा दिवाळीच्या बोनसमधून पहिल्यांदाच एकाकडून रॉड बांधून घेतला. ९ फूट, दोन तुकडे, स्पिनिंग, लूर (खोटं आमिष) २० ते ६० ग्रॅम, ब्रेड म्हणजे विणलेली दोरी पीई २ जाडीची. तांबोशी आणि खाडीच्या तोंडाशी लागला तर जिताडा, हे डोक्यात ठेवून सगळं सांगितलं होतं. हँडल बगलेखाली बसेल एवढं लांब, गाइड्स (ब्रेड ओवायच्या कड्या) फुजी कंपनीच्या, त्या बांधायला रंगीबेरंगी दोरा नको. सगळे मिळून १४ हजार झाले. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे.

परवा कुरियर आलं. दोन्ही तुकडे जोडले, बुडाकडून एक डोळा मिटून पाहिलं तर टोक डावीकडे गेलेलं. खालचा तुकडा सरळ वाटतो, वरचा तुकडा अर्ध्यापासून पुढे हळूहळू झुकतो. गाइड्स एका ओळीत दिसतात, निदान माझ्या नजरेला. फोन केला तर बांधणारे म्हणाले, "स्पाइनवर बांधलाय म्हणून तसा दिसतो. मासा लागला की सरळ होईल. सरळ दिसण्यासाठी स्पाइन सोडली तर रॉड हातात पिळतो." माणूस नीट बोलला, टाळाटाळ केली नाही. पण त्याचं खरं धरायचं की माझ्या डोळ्यांचं, हे मला ठरवता येत नाहीये.

एवढा वाक चालतो का? स्पाइनचं कारण खरं आहे का? आणि बांधणी चांगली आहे की नाही, हे घरच्या घरी कसं तपासायचं? परत पाठवायला आठवड्याची मुदत आहे. अजून एकही कास्ट मारलेली नाही.

वसई_किनारा

बांधणारा बरोबर बोलतोय दादा. प्रत्येक ब्लँकला, म्हणजे रॉडच्या नुसत्या कार्बनच्या नळीला, एक कडक बाजू असते, तीच स्पाइन. ब्लँकचं बूड जमिनीवर टेकवून टोक तळहातावर धरा आणि दुसऱ्या हाताने मध्ये दाबून फिरवा, एका जागी तो आपोआप उसळी मारून स्थिर होतो. ती बाजू धरून गाइड्स बांधल्या की रॉड मासा ओढताना पिळत नाही. मी माझे रॉड तसेच बांधून घेतो आणि आजवर तक्रार नाही. थोडा बाक असला तर असू दे. पाण्यावर गेल्यावर तिकडे लक्षसुद्धा जात नाही. बिनधास्त ठेवा.

टूलरूम_भोसरी

जयगडकर, घाईने परत पाठवू नका आणि घाईने ठेवूही नका. आठवडा हातात आहे तर एक रविवार सकाळ या कामाला द्या. माझी सगळी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये गेली, शाफ्टचा रनआऊट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, मोजण्यात. निवृत्तीनंतर स्वतःचे आणि मित्रांचे रॉड बांधतो. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

आधी ब्लँक वाकडा का येतो ते बघा. निमुळत्या पोलादी सळईवर रेझिन लावलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, त्यावरून पातळ टेप ताणून लपेटतात आणि भट्टीत भाजतात. टेप आकसते, कापड दाबलं जातं, रेझिन कायमचं कडक होतं, मग सळई ओढून काढतात. कापडाचे पदर जिथे एकमेकांवर चढतात तिथे भिंत केसभर जाड राहते. एका बाजूला जाडी जास्त, म्हणून तीच बाजू कडक आणि म्हणूनच भट्टीतून बाहेर येताना थोडा बाक. शाफ्टसारखा सरळ ब्लँक मी हाताळलेला नाही, महागातला महाग घेतला तरी. तेव्हा वाक आहे म्हणून माल खराब, असं समजू नका. तो वाक बांधणाऱ्याने कुठल्या बाजूला ठेवला, खरा प्रश्न तिथे आहे.

वसईकर, तुमची उसळीची चाचणी खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. स्पिनिंग रॉडच्या गाइड्स खाली लटकतात. मासा ओढतो तेव्हा ब्रेड ब्लँकच्या खालून ओढते, म्हणजे रॉड आधीच स्थिर अवस्थेत असतो. तो कुठे पिळणार? पिळायचा धोका बेटकास्टिंग रॉडला, कारण तिथे गाइड्स वर असतात आणि ताण आला की त्या खाली यायला बघतात. तिथेही स्पाइनचा जोर किरकोळ आणि गाइडच्या उंचीमुळे बसणारा पीळ मोठा. म्हणून तर काही बांधणारे बेटकास्टरच्या गाइड्स रीलपासून पुढे वळवत वळवत खाली नेतात. स्पाइनवर कसाही बांधला तरी वर गाइड्स असलेला रॉड पिळायचा तो पिळतोच.

तेव्हा स्पिनिंग रॉडमध्ये स्पाइन सोडून द्यावी आणि नजर सरळपणावर ठेवावी, हे माझं स्पष्ट मत. ब्लँक फिरवून बघायचा, बाक वर येईल असा धरायचा, म्हणजे टोक आकाशाकडे किंचित उचललेलं, आणि गाइड्स बरोबर त्याखाली बांधायच्या. गाइड्सच्या आणि दोऱ्यावर दिलेल्या इपॉक्सीच्या लेपाच्या वजनाने टोक खाली येतं आणि मागून बघणाऱ्याला रॉड सरळ दिसतो. बाक डावीकडे ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. बांधणाऱ्याने फसवलं असं म्हणत नाही, स्पाइन मानणारे प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत. पण सरळ दिसणारा रॉड हातात पिळतो हे त्यांचं म्हणणं स्पिनिंगला लागू नाही.

आता तपासणी. रॉड आडवा धरून नजर लावू नका. ९ फुटी रॉडचं टोक स्वतःच्या वजनानेच खाली येतं आणि हात जरा तिरका झाला की तीच झोळी बाजूचा वाक वाटते. बूड वर, टोक खाली असा टांगा. माळ्याच्या तुळईला सुतळी बांधून चालेल, टोक जमिनीला लागता कामा नये. शेजारी ओळंबा सोडा, नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. खालचा तुकडा दोऱ्याला समांतर आणा आणि टोकाशी किती अंतर सुटतं ते पट्टीने मोजा. मग वरचा तुकडा जोडात पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. वाक तुकड्याबरोबर फिरला तर तो ब्लँकचा. वाक जागीच राहिला तर जोडापाशी गडबड आहे, म्हणजे खालचा तुकडा तोंडाशी वाकडा घासला गेलाय. ब्लँकचा सलग बाक मी स्वीकारतो. जोडापाशी मोडल्यासारखा कोन दिसला तर मात्र रॉड त्याच दिवशी परत.

जोडाला हात लावलाच आहे तर त्याची चालही बघा. दोन्ही बाजूंनी धरून रॉड हलकेच झटका. टक असा आवाज किंवा बारीकशी ढिलाई बोटांना जाणवली तर जोड नीट बसत नाही. नव्या रॉडला आधी मेणबत्तीचं मेण पुसटसं लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. तेल-ग्रीस नको. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्यावर चढत असेल तर त्या तोंडावर दोऱ्याचं आवरण घट्ट हवं, नाहीतर कधीतरी उभा तडा जातो.

पुढे ताणाची चाचणी, आणि निकाल इथे लागतो. रील लावा, ब्रेड सगळ्या गाइड्समधून काढून बॅग तोलायच्या काट्याला बांधा, काटा जमिनीवर जड वस्तूला. रॉड साधारण ४५ अंशात धरून दीड किलोपर्यंत ताण द्या. रॉड उभा करू नका, सगळा भार टोकावर येतो आणि टोक तिथेच मोडतं. घरातल्या कुणाला तरी दोन फोटो काढायला सांगा, एक बाजूने आणि एक तुमच्या पाठीमागून. पाठीमागच्या फोटोत बूड, गाइड्स आणि टोक एका उभ्या पातळीत आलं पाहिजे. ताण असताना रील सीटवरची, म्हणजे रील बसते त्या जागेवरची, पकड सैल करा. रॉड तळहातात फिरायला बघतोय का? बाजूच्या फोटोत वळण सलग हवं. जोडापाशी थोडा सरळ पट्टा येतोच, बाकी कुठे कोपरा नको. आणि ब्रेड प्रत्येक गाइडपाशी थोडी थोडी वळायला हवी. एकाच गाइडपाशी मोठा कोन पडत असेल तर गाइड्सची अंतरं चुकलीत.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो दोऱ्याच्या कामाला. खडकावर खारं पाणी अंगावर घेत गरवायचं तर रॉडचं आयुष्य ब्लँकपेक्षा इथे ठरतं. उन्हात, भिंग असेल तर भिंगाने, प्रत्येक गाइडच्या पायाकडे बघा. पायाच्या दोन्ही कडांना, दोरा धातूवरून ब्लँकवर उतरतो तिथे, एक बारीक बोगदा राहतो. इपॉक्सी त्यात पूर्ण उतरलेली असेल तर काच लावल्यासारखं दिसतं. उतरली नसेल तर चंदेरी रेघ दिसते, ती आत अडकलेली हवा. पायाच्या टोकाशी पाण्याचा थेंब ठेवा. थेंब आत ओढला गेला तर उद्या समुद्राचं पाणीही तसंच आत जाणार, आणि स्टीलची चौकट आतून गंजणार, बाहेरून तुम्हाला काही दिसणार नाही. टायटॅनियमची चौकट असेल तर गंजाची भीती नाही, पण पकड तरीही सैल होत जाते. इपॉक्सीवर नख दाबून बघा. चिकट लागली तर दोन भागांचं माप चुकलंय. वर नीट मिसळलेला एक हात दिला की ते सुधारतं, त्यासाठी रॉड टाकून द्यायची गरज नाही. एखाद-दुसरा बुडबुडा मी मोजत नाही.

गाइडच्या रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर रिंगला चीर आहे. ती चीर ब्रेड कापत राहील.

शेवटी हँडल. रील सीट धरून बूड उलटसुलट पिळा, करकर आवाज येता कामा नये. सीटच्या आत ब्लँकभोवती भरणी असते. काही जण मास्किंग टेपचे वेढे देऊन मोकळे होतात आणि मधल्या फटी इपॉक्सीने भरत नाहीत, मग पाणी शिरतं आणि सीट फिरायला लागते. रीलचा पाय आणि पहिली गाइड एका रेषेत आहेत ना तेही बघा. सुतार फळी नजरेला लावतो तसं मागून बघितलं की कळतं.

मोजमाप इथे टाका, मग बोलू.

माणगा_काठी

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आजोबा माणगा बांबूच्या काठीने गरवायचे. ताजी काठी तोडून सावलीत वाळवायची, निखाऱ्यावर फिरवत शेकायची आणि तेल लावून गुडघ्यावर दाबत सरळ करायची. पावसाळ्यात पुन्हा वाकली तर पुन्हा शेकायची. कार्बनच्या रॉडला हेअर ड्रायरने किंवा वाफेने असं करता येईल का? एका मित्राने केल्याचं ऐकलंय. जयगडकरांचं काम घरच्या घरी होऊन जाईल.

टूलरूम_भोसरी

करू नका. मनापासून सांगतो, ड्रायर त्या रॉडजवळ नेऊ नका. बांबू तापला की त्याचे तंतू ढिले पडतात आणि थंड होताना नवा आकार धरतात, म्हणून आजोबांची काठी सरळ व्हायची. ब्लँकचं रेझिन एकदा भट्टीत पक्कं झालं की पुन्हा मऊ होऊन नवा आकार घेत नाही. जास्त तापवलं तर ते खराब होतं आणि तडा लगेच न दिसता पहिल्या मोठ्या माशाला दिसतो. उष्णता चालते ती फक्त टोकाच्या गाइडला, कारण ती बहुधा वितळणाऱ्या गोंदाने चिकटवलेली असते. ती तिरकी असेल तर जरा तापवून सरळ करता येते.

आजोबांच्या काठीबद्दल वेगळा धागा काढा. माणगा भरीव असतो, त्या काठीचं टोक कसं निवडायचे ते वाचायला आवडेल.

जयगड_खडक

काका, सगळं केलं. सकाळी बसलो तो जेवणापर्यंत तिथेच. तपशील देतो.

टांगून मोजलं तर टोक डावीकडे १४ मिलिमीटर. वरचा तुकडा पाव फेरा फिरवल्यावर वाकही फिरला, म्हणजे तुम्ही म्हणता तसा ब्लँकचाच. कुठे कोन नाही, सलग आहे. जोडात आधी बारीक टक आवाज येत होता, मेण लावल्यावर गेला.

दीड किलोला बायकोने फोटो काढले. मागून सगळं एका पातळीत येतं, तो डावीकडचा वाक दिसतच नाही. पकड सैल केली तरी रॉड हातात फिरला नाही. वळण छान आहे, जोडापाशी थोडं सपाट.

पण दोन गोष्टी सापडल्या, ज्या मला आधी दिसल्या नव्हत्या. ब्रेड ताणल्यावर कळलं की टोकाकडून चौथी गाइड उजवीकडे फिरलीय, साधारण अर्धा सूत. नुसत्या नजरेला ती ओळीत वाटायची, कारण ब्लँकच तिथे डावीकडे जातो. दुसरं म्हणजे रीलसमोरच्या मोठ्या गाइडच्या मागच्या पायाला एका कडेला चंदेरी रेघ आहे. थेंब ठेवला आणि बघता बघता आत गेला. कापूस कुठे अडकला नाही. इपॉक्सी कडक आहे. हँडल पिळून बघितलं, आवाज नाही. ब्लँकवर बारीक गोल वळ्या दिसतात, बुडापासून टोकापर्यंत. तो दोष आहे का?

आणि एक विचारायचं राहिलं. हा ब्लँक ३० टनाचा (कार्बनच्या कडकपणाचं माप) आहे. ४० टनाचा घेतला असता तर सरळ आला असता का?

वसई_किनारा

फोटोंमुळे माझं मत थोडं हललंय. १४ मिलिमीटर बाजूला असूनही ताणाखाली फिरला नाही, याचं श्रेय मी तरी अजून स्पाइनला देतो. पण काका म्हणतात तसं दुसऱ्या बाजूला बांधूनही फिरला नसता का, हे माझ्या पुढच्या रॉडवर करून बघणार आहे. चौथ्या गाइडचं मात्र नक्की करून घ्या.

टूलरूम_भोसरी

उत्तम काम केलंत. वसईकर, जरूर करून बघा आणि फोटो टाका.

वळ्या म्हणजे त्या टेपच्या खुणा. काही कारखाने भाजल्यावर घासून गुळगुळीत करतात, काही तशाच ठेवतात. न घासल्यामुळे कापडाचा वरचा पदर शाबूत राहतो, मला त्या आवडतात. टनाचा सरळपणाशी संबंध नाही. टन वाढला की तेवढ्याच वजनात कडकपणा वाढतो, पण ठोका सहन करायची ताकद कमी होते. तुम्ही खडकावर उभे राहता, रॉड कधी ना कधी दगडावर आपटणार. ३० टन तुमच्यासाठी योग्यच आहे, ४० च्या मागे लागू नका.

ब्लँक चांगला आहे, हँडल चांगलं आहे, जोड चांगला आहे. रॉड ठेवा. पण दुरुस्तीसाठी पाठवा, आणि नीट शब्दांत पाठवा. वाकडा आहे म्हणून तक्रार केलीत तर स्पाइनचा वाद पुन्हा सुरू होईल आणि आठवडा त्यातच जाईल. चौथी गाइड आणि मोठ्या गाइडचा पाय, या दोन गोष्टींवर कुठलाच बांधणारा वाद घालणार नाही. फोटो जोडा, थेंबाचा छोटा व्हिडिओ काढून पाठवा. चौथी गाइड सरळ करायची तर तिचा दोरा कापावाच लागणार. मग विनंती करा की वरच्या तुकड्याच्या सगळ्याच गाइड्स काढून, बाक वर येईल अशा पाव फेऱ्याने नव्याने बांधाव्यात, त्यासाठी दोऱ्याचे आणि मजुरीचे वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवा. ते नाही म्हणाले तर या दोन दुरुस्त्यांवर समाधान माना, मासा मारायला रॉड कुठेच कमी पडणार नाही. मी असतो तर पैसे देऊन फिरवून घेतला असता. रोज हातात घ्यायची वस्तू आहे, दरवेळी नजर तिकडेच जाणार.

एक गोष्ट आवर्जून सांगा. जुना दोरा कापताना पातं फक्त गाइडच्या पायाच्या धातूवर चालवायचं, ब्लँकवर अजिबात नाही, आणि मग दोरा सोलून काढायचा. कार्बनवर ओरखडा पडला तर रॉड तिथूनच मोडतो. अनुभवी माणसाला हे माहीत असतं, तरी लिहून टाका.

पाठवताना प्लंबरकडून जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही तोंडांना टोप्या, तुकडे एकमेकांना सुतळीने बांधून मध्ये फोम. टोकाची गाइड पाइपच्या टोपीला टेकणार नाही एवढी जागा सोडा. परत आल्यावर थेंबाची चाचणी सगळ्या गाइड्सवर पुन्हा करा, आणि नवी इपॉक्सी असेल तर आठवडाभर रॉडला ताण देऊ नका.